डाव्या मनगटावरचं कार्ड

पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर रिपोर्ट लिहिला.

जुरोंग आयलंडवरच्या आमच्या केमिकल प्लँटमध्ये मी सेफ्टीचं काम बघते. कोणतं काम कधी सुरू करायचं त्या परवान्यावर माझी सही लागते, त्यामुळे मी फारशी कोणाची लाडकी नाही. त्या दिवशी मी पाइपांच्या रांगेखालून चालले होते आणि डोक्यावरून काहीतरी सूं करत गेलं. पलीकडे, चांगली तीसेक पावलं लांब, आमचा सीनियर ऑपरेटर मुरुगन शिडीवर उभा होता. त्याने एक हात पुढे धरला होता. चिकटपट्टीचं जाडजूड रीळ त्याच्या पंजात येऊन बसलं. त्याने झेललं असंही म्हणवत नाही. हात होता तिथे रीळ आलं.

मागे वळून पाहिलं तर सव्वासहा फूट उंचीचा, पिकल्या दाढीचा अमेरिकन माणूस. नवा शटडाउन कोऑर्डिनेटर येणार आहे एवढं मला ठाऊक होतं.

"कोणी फेकलं?"

"मी."

"इथे वस्तू फेकायला बंदी आहे. बोर्ड वाचला नाहीस?"

"वाचला. पण तो शिडी उतरून आला असता आणि पुन्हा चढला असता. तो पडायची शक्यता जास्त, की माझं रीळ चुकायची?"

"तुझं रीळ चुकायची."

"माझं चुकत नाही," तो म्हणाला. फुशारकी नव्हती. आपली उंची सांगावी तसं सांगितलं.

"नाव सांग."

त्याने नाव सांगितलं, मी लिहिलेलं स्पेलिंग वाकून तपासलं आणि एक अक्षर दुरुस्त करून दिलं. वरून मुरुगन ओरडला, "अक्का, लिहू नको लाह! थ्रो बघितलास का?"

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या रिपोर्टची प्रत त्याच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेली होती. तो प्लँट सोडून गेला त्या दिवशीही ती तिथेच होती.

आमच्यात इंग्रजीतच बोलणं व्हायचं; 'लाह' ही इथल्या इंग्रजीची शेपटी. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे. आणि त्याचं नाव लिहिणार नाही. त्याला आवडणार नाही म्हणून नव्हे. नाव वाचून लोक इंटरनेटवर शोधतील, आणि तिथे त्याच्याबद्दल जे सापडतं ते सगळं बरोबर असूनही काही उपयोगाचं नाही.

माझ्या मुलीने, सानिकाने, शोधलंच होतं. मी घरी सहज म्हटलं होतं, की ऑफिसात एक माणूस आलाय, पूर्वी अमेरिकेत फुटबॉल खेळायचा, त्यांचा तो हेल्मेटवाला. क्वार्टरबॅक होता म्हणे, म्हणजे चेंडू फेकणारा. सानिका फोन घेऊन बसली. "अय्या आई, खरंच प्रोफेशनल होता! अकरा वर्षं! चार टीम!" मग जरा वेळाने, "पण फोटो एकच आहे. आणि त्यात ही इज जस्ट स्टँडिंग देअर, लाह."

फोटो मीही पाहिला. मैदानाच्या कडेला एक तरणा मुलगा, अंगावर कोरा करकरीत गणवेश, डोक्यावर हेल्मेटऐवजी टोपी, हातात क्लिपबोर्ड. मागे खेळून आलेली माणसं चिखलाने माखलेली. याच्या गुडघ्यालासुद्धा गवताचा डाग नाही.

माझा नवरा बँकेत आहे आणि क्रिकेटशिवाय दुसरा खेळ मानत नाही. तो म्हणाला, "म्हणजे बारावा खेळाडू. अकरा वर्षं पाणी नेलं याने."

माझंही तेव्हा तेच मत झालं. उभं राहायचा पगार, यात कौतुक कसलं?

तो मरीन परेडला राहायचा, आम्ही बेडोकला. कंपनीची बस सकाळी आधी मला घ्यायची, मग त्याला, आणि मग बेट येईपर्यंत तासभर बसायचं. त्याची जागा ठरलेली: डावीकडची, खिडकीला लागून. तिथे कोणी बसलेलं असलं तर हा उभा राहायचा, पण दुसरीकडे बसायचा नाही. कारण विचारल्यावर म्हणाला, "माझ्या डाव्या बाजूला कोणी असलेलं मला चालत नाही. उजव्या हाताने फेकणारा माणूस फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून येणारा दिसत नाही. ज्यांनी मला धडकून झोपवलं ते सगळे डावीकडून आले." खिडकीच्या काचेतून कोणी येत नाही, म्हणून ती जागा.

प्लँटमध्येही तेच. डाव्या बाजूला कोणी येऊन उभं राहिलं की तो बोलता बोलता अर्धा वळायचा आणि त्या माणसाला उजवीकडे घ्यायचा. नव्या लोकांना वाटायचं याला एका कानाने ऐकू येत नाही. मुरुगनला वर्षभराने डावीकडे उभं राहायची परवानगी मिळाली. मला दीड वर्ष लागलं. परवानगी म्हणजे काय, एक दिवस मी डावीकडे उभी होते आणि तो वळला नाही. मुरुगन लांबून अंगठा दाखवत होता.

त्याचं दुसरं वेड म्हणजे तीन सेकंद. कोणताही निर्णय तीन सेकंदांत. शनिवारी कधी तो आमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरला, एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत, भेटायचा. तिथे तो दारात उभा राहून डावीकडून उजवीकडे नजर फिरवायचा. पहिली पसंती चिकन राइस: रांग मोठी. दुसरी फिश सूप: दुकान बंद. तिसरी भात आणि तीन भाज्या: मोकळं. निघाला. आमच्या घरातला मनुष्य तोवर पहिल्या दुकानाचा फलक वाचत असायचा. जेवण वाईट निघालं तर? तो म्हणायचा, "पुढचा." त्यांच्या खेळात एक डाव पाचसहा सेकंदांत संपतो. फसला तरी अर्ध्या मिनिटात दुसरा लावायचा असतो. मागच्याचा विचार करणाऱ्याला पुढच्यात मार बसतो. "पुढचा" हा शब्द तो दिवसातून वीसदा तरी म्हणत असेल. पंप जळला, पुढचा. वरून शिव्या आल्या, पुढचा.

एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. नवऱ्याने मुद्दामच विषय काढला. "तुमच्या खेळात दर पाच सेकंदांनी थांबतात. हा काय खेळ?"

तो चिडला नाही. त्याने साबुदाण्याच्या खिचडीची बशी बाजूला सरकवली आणि टेबलावर पाच चमचे उभे मांडले. "हे माझे पाच. यांचं काम एकच, मला तीन सेकंद मिळवून देणं." पलीकडे वाट्या ठेवल्या. "हे समोरचे. यांना मला आडवं करायचंय." मीठदाणी म्हणजे तो. लांब कडेला लोणच्याची बरणी. "हा माझा माणूस, चेंडू घेऊन पळणारा. तो कुठे पळणार हे आधी ठरलेलं. मी फेकतो तेव्हा तो तिथे नसतो. तो पोहोचेल तिथे मी फेकतो."

सानिका म्हणाली, "आणि तो पोहोचला नाही तर?"

"तर तिथे दुसरं कोणीतरी उभं असतं," त्याने एक वाटी बरणीजवळ नेली. "म्हणून सगळ्यांना डाव तोंडपाठ हवा. डाव दर आठवड्याला नवे. शंभरावर. नावं लांबलचक. म्हणून मनगटावर कार्ड." त्याने डावं मनगट दाखवलं. "कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवर नुसता आकडा सांगतो. मी कार्डावर तो आकडा बघतो, समोर लिहिलेला डाव दहा जणांना वाचून दाखवतो. ते मी वाचेन तेच करणार. मैदानावर एवढा गोंगाट असतो की विचारायला वेळ नसतो."

"आणि तू अकरा वर्षं उभा होतास," नवरा म्हणाला. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या नंबरचा खेळतो. मी दुसरा. पण डाव दोघांनाही तेवढेच पाठ करावे लागतात. त्याचा गुडघा कधी जाईल ते आधी कोण सांगतं? दर सोमवारी नवे शंभर डाव. दर रविवारी वापरले नाहीत. सोमवारी पुन्हा नवे. आणि कडेला उभं राहून क्लिपबोर्डवर समोरच्यांच्या हालचाली लिहायच्या. पहिला बाहेर आला की त्याला सांगायचं, ते डावीकडून येतायत, सांभाळ."

"कंटाळा नाही आला?"

"भीती वाटायला वेळ पुरत नव्हता, कंटाळा कुठून येणार?" त्याने खिचडीची बशी पुन्हा ओढून घेतली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली, तीन सेकंदांच्या आत.

तो गेल्यावर नवऱ्याने ते चमचे एकेक करून उचलले. मग म्हणाला, "दर आठवड्याला परीक्षेची पूर्ण तयारी करायची आणि पेपर द्यायचाच नाही. अकरा वर्षं. मला नसतं जमलं." मलाही जमलं नसतं.

त्या कार्डानेच त्याने आमचं शटडाउन बदलून टाकलं.

वर्षातून काही आठवडे प्लँट बंद करून टाक्या आतून साफ करतात, दुरुस्त करतात. त्या दिवसांत शेकडो माणसं बाहेरून येतात, तामिळनाडूची, बांगलादेशची, चीनची, मलेशियाची. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं, कानांवर आवाजापासून वाचवणारे जाड कप, वॉकीटॉकी खरखरणारी. सूचना एक दिली जायची, ऐकली भलतीच जायची. त्याने आल्या वर्षी प्रत्येक टाकीच्या कामाच्या पायऱ्यांना आकडे दिले आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर तेच कार्ड बांधलं, ज्याच्या त्याच्या भाषेत. वॉकीटॉकीवर तो फक्त आकडा म्हणायचा. "सात." पलीकडून ज्याचं काम तो "सात" म्हणायचा आणि करायचा. मी सेफ्टीत वीस वर्षं आहे, जाडजूड नियमावल्या लिहिल्यात. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दर टाकीचं कार्ड वेगळं, रंगही वेगळा. काम संपलं की तो स्वतः फिरून जुनी कार्डं गोळा करायचा, मोजायचा आणि फाडायचा. एक कमी भरलं तर टोळीला बसमध्ये चढू द्यायचा नाही. एकदा एका फिटरने कार्ड आठवण म्हणून पाकिटात ठेवलं होतं. याने चाळीस माणसं उन्हात उभी केली आणि ते मिळवलं. मला ते अति वाटलं. तसं म्हणाले तर त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या डाव्या बाजूला कोण आहे ते बघितलंयस का?" तेव्हा मला ते उत्तर कळलं नाही.

आणखी एक. दोन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाच्याही हेल्मेटवर तो नाव छापून घ्यायचा, कायम नोकरीतल्या माणसांसारखंच. मॅनेजर म्हणाले, पट्टीवर पेनाने लिहा की. हा नाही म्हणाला. चारही टीममध्ये याच्या लॉकरवर नाव चिकटपट्टीवर असायचं. पहिल्या नंबरच्या खेळाडूचं पितळी पाटीवर. पट्टी लावतात ती काढता यावी म्हणून. मंगळवारी सकाळी कोणीतरी येऊन म्हणायचं, साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही घेऊन बोलावलं की समजायचं, टीममधून काढलं. तो परत येईपर्यंत पट्टी निघालेली असायची. हे असं तीनदा झालं. "कोणी वाईट वागलं नाही," तो म्हणाला. "पण पट्टी निघताना आवाज होतो."

मुरुगनला तो वेगळाच त्रास द्यायचा. प्रत्येक टाकीचं पूर्ण कार्ड, प्रत्येकाचं काम, मुरुगनने पाठ करायचं. बसमधून उतरताना अडवून विचारायचा, "निळ्यावर नऊ?" मुरुगन वैतागायचा. "बॉस, माझं काम टाकीवर. बाकीचं मला कशाला? तू आहेस ना?"

"मी आहे," तो म्हणायचा. "निळ्यावर नऊ?"

आता तो अमेरिकेत त्याच्या बहिणीकडे असतो. महिन्यातून एकदा फोन करतो. कधी मध्येच थांबतो आणि मला कळतं की माझं नाव शोधतोय. मी आपणहून सांगत नाही, त्याला ते आवडत नाही. सापडत नाही तेव्हा तो "सेफ्टी" म्हणतो आणि पुढे बोलतो. मुरुगनचं नाव मात्र अजून एकदाही अडलेलं नाही.

हे विसरणं येणार, ते त्याने मला इथे असतानाच सांगून ठेवलं होतं. बस बेटाच्या नाक्यावर थांबली होती, सगळे पास बाहेर काढत होते. त्याने सगळे खिसे तपासले. पास त्याच्या गळ्यातच होता. आम्ही दोघांनी तो एकदमच पाहिला.

"हे होऊ लागलंय," तो म्हणाला. "डोक्याला मार फार बसले. खेळात कमी, सरावात जास्त. दुसऱ्या नंबरच्याला सरावात सगळे झोपवतात."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो."

"कंपनीला सांगितलंस?"

"पहिल्यांदा त्यांनाच. त्यांच्या डॉक्टरने तपासलं. सध्या कामाला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मग म्हणाला, "पण सहा महिन्यांत एक शटडाउन आहे. मला एक माणूस हवाय. ज्या दिवशी माझ्या मनगटावर चुकीचं कार्ड दिसेल, त्या दिवशी बोलायचं. तिथल्या तिथे. सगळ्यांसमोर, मोठ्याने. बाजूला घेऊन नाही."

"मीच का?"

"इथे सगळ्यांना मी आवडतो. तू पहिल्या दिवशी माझ्यावर रिपोर्ट लिहिलास."

"सगळ्यांसमोर कशाला? तुझी नोकरी जाईल, इथे राहायचा पास जाईल. मी तुला हळूच सांगितलं तरी काम थांबेल."

बस नाक्यातून सुटली. तो खिडकीबाहेर बघत बोलत होता, आणि त्या दिवशी मला त्याच्या अकरा वर्षांतला एकमेव खरा सामना कळला.

तिसऱ्या टीममध्ये असताना एका रविवारी पहिल्याचा गुडघा गेला. हा टोपी टाकून हेल्मेट घालून धावत आत गेला. सगळं स्टेडियम उभं. इतकी वर्षं ज्याची तयारी केली तो क्षण. कोचने कानात आकडा सांगितला. याने मनगटावर बघितलं, डाव वाचला, दहा जण आपापल्या जागी गेले. आणि चेंडू हातात येता येता याला दिसलं की समोरचे नेमके तिथेच दबा धरून आहेत. तोवर चेंडू हातातून सुटला होता. याचा माणूस, त्या टीममधला याचा सगळ्यात जवळचा मित्र, ठरल्या जागी बरोबर पोहोचला. चेंडू पोहोचला. आणि दोन बाजूंनी दोघे त्याच्यावर पोहोचले. पाय दोन ठिकाणी मोडला. तो पुन्हा कधी खेळला नाही.

बाहेर येऊन याने मनगट बघितलं. कार्ड मागच्या आठवड्याचं होतं. डाव्या मनगटावर, डोळ्यांसमोर.

"कोचला वाटलं मित्र चुकीच्या दिशेला पळाला. सगळ्यांसमोर तसं म्हणाले. तो स्ट्रेचरवर होता. मी तिथेच उभा होतो. तीन सेकंद होते," तो म्हणाला. "मी बोललो नाही."

"मग कधी बोललास?"

"सहा वर्षांनी. त्याच्या घरी जाऊन, एकट्याला. तो म्हणाला, पुढचा. हसला, कॉफी दिली. पण सगळ्यांसमोर तो चुकलेलाच राहिला ना?"

मी म्हटलं, "ठीक आहे, बोलेन."

त्यानंतर रोज सकाळी मी आधी त्याच्या मनगटाकडे बघायचे. त्याच्या लक्षात आलं होतं. गुड मॉर्निंग म्हणायच्या आधी तो मनगट माझ्याकडे वळवून दाखवायचा. बाकी बारीकसारीक होत होतं. एकदा उलट्या दिशेच्या बस स्टॉपवर उभा होता, एकदा मुरुगनच्या मुलीचं लग्न झालंय हे विसरून पुन्हा विचारलं. त्यावर मी गप्प राहिले. करार कार्डाचा होता.

शटडाउनचा नववा दिवस. आदल्या दिवशी लहान टाकी झाली, पिवळं कार्ड. त्याने संध्याकाळी सगळी पिवळी गोळा केली, मोजली, फाडली. आज मोठी टाकी, निळं. टाकीत नायट्रोजन भरलेला होता. तो काढून पंख्याने हवा भरायची, हवा मोजायची, मग झाकणाचे बोल्ट सैल करायचे, असा क्रम. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. अशा टाकीच्या तोंडाशी वाकलेला माणूस दोनतीन श्वासांत कोसळतो, त्याला कळतसुद्धा नाही. झाकण काढायला माझी सही लागायची, पण बोल्ट सैल करायला लागत नव्हती. ही आमच्या नियमातली फट होती. आता बुजवली आहे.

जेवणाआधी निळ्यावरच्या दहा पायऱ्या झाल्या. जेवायला जाताना त्याने मनगटपट्टा काढून हात धुतले, घामाने भिजलेलं कार्ड कोरडं करायला बाहेर काढलं. परत येऊन टाकीखाली उभा राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला होते. वर झाकणापाशी मुरुगन पाना घेऊन बसला होता. पंखेवाले टाकीच्या पलीकडच्या अंगाला, तिथून दिसत नव्हते.

त्याने मनगटाकडे बघितलं, वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "चौदा."

पंखा जोडायला अकरा म्हणायला हवं होतं. मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. कार्ड पिवळं होतं. चाळीस माणसांची पिवळी कार्डं त्याने फाडली होती, स्वतःचं फाडायचं राहिलं होतं; ते पट्ट्यात निळ्याच्या मागेच होतं. पिवळ्यावर चौदा म्हणजे पंखा जोडा. निळ्यावर चौदा म्हणजे बोल्ट सैल करा.

"चौदा," वरून मुरुगनने उत्तर दिलं. पलीकडची कामं झाली असणार असं तो धरून चालला. पाना बोल्टला लावला.

मला वाटलं होतं अशा वेळी माणूस विचार करतो. नोकरी, पास, त्याचं सगळ्यांसमोर होणारं हसं. असलं काही डोक्यात आलं नाही. मी माझ्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "थांबा. सगळे थांबा. मुरुगन, हात वर घे. पाना सोड."

पाना खणकन जाळीवर पडला. चाळीस माणसं जागच्या जागी. पंप आधीच बंद होते, त्यामुळे इतकी शांतता झाली की समुद्र ऐकू येत होता.

तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "कार्ड पिवळं आहे." मोठ्याने. माझा आवाज तसाही मोठाच आहे.

त्याने मनगट वर केलं. मी बघत होते त्याच्या चेहऱ्याकडे. मला वाटलं, आता तो खचेल. त्याने एक श्वास घेतला. तो तीन सेकंद मोजत होता हे मला नंतर कळलं. मग त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

"मी बोलतोय. माझ्या मनगटावर कालचं कार्ड आहे. मी चुकीचा आकडा सांगितला. मुरुगन बरोबर होता. तुम्ही सगळे बरोबर होता. चूक माझी." मग एवढं कमी पडलं असं वाटून की काय, त्याने टोळीतल्या तामीळ आणि बंगाली बोलणाऱ्या मुकादमांना ते आपापल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगायला लावलं, आणि दोघांचं सांगून होईपर्यंत उभा राहिला. चूक माझी, दोन भाषांत, चाळीस माणसांना. आमच्या धंद्यात मी अपघातांच्या पुष्कळ चौकशा केल्या आहेत. चुकलेल्या माणसाने आपण होऊन, लगेच, सगळ्यांना कळेल अशा भाषेत हे वाक्य म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही ऐकलेलं नाही.

मुरुगन शिडीवरून खाली आला.

याने पट्टा मनगटावरून सोडला, पिवळं कार्ड काढून चार तुकडे केले आणि पट्टा मुरुगनच्या हातात दिला. "निळ्यावर अकरा?"

"पंखा जोडा," मुरुगन म्हणाला.

"बारा?"

"पंखा सुरू. तेरा, हवा मोजायची. चौदा, बोल्ट. पंधरा, अक्काची सही, झाकण." तो थांबला. "बॉस, मला नाही जमणार हे."

"तुला तीन वर्षं जमतंय," तो म्हणाला. "पुढचा."

मी प्लँट मॅनेजरना फोन केला आणि झालं ते सांगितलं. टोळी कोणाच्या हाताखाली ते विचारल्यावर म्हणाले, मुरुगनला येत असेल तर मुरुगन. मी म्हटलं, येतं. पंधरा मिनिटं सगळं पुन्हा तपासलं, परवान्यावर नाव बदललं, मी सही केली. मुरुगनने मनगटावर पट्टा बांधला, घसा साफ केला आणि म्हणाला, "अकरा." पलीकडून आवाज आला, "अकरा."

मला वाटलं होतं, आता तो ऑफिसात जाऊन बसेल. मी असते तर घरी गेले असते. तो शेडमध्ये गेला आणि क्लिपबोर्ड घेऊन परत आला. मुरुगनच्या मागे दोन पावलं, डाव्या बाजूला, जिथून येणारा दिसत नाही तिथे उभा राहिला. कोण कुठे आहे, पंखा कधी लागला, कोणाचा कानाचा कप निघालाय, सगळं लिहीत होता. मधूनच पुढे वाकून मुरुगनच्या कानाशी दोन शब्द बोलायचा आणि पुन्हा मागे. संध्याकाळी शेवटचा माणूस टाकीतून सुखरूप बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा होता, पेन हातात, वजन दोन्ही पायांवर. सानिकाने दाखवलेल्या फोटोत उभा होता अगदी तसाच.